पांढऱ्या अंड्यांच्या शोधात : फ्लोरिडातले पाच दिवस

लाकडी पुलावर चढल्याबरोबर नजरेत भरला तो रंग. पाणकणसाच्या जवळजवळ प्रत्येक दांड्यावर, पाण्याच्या वर वीतभर अंतरावर, राणी रंगाचा एकेक जाडसर गुच्छ चिकटलेला होता. पुलाच्या खांबांवर तेच, पाटीच्या मागच्या बाजूला तेच. दुरून फुलंच वाटावीत. जवळ वाकून पाहिलं तेव्हा मोहरीएवढे दाणे एकमेकांना घट्ट बिलगलेले दिसले. गोगलगाईची अंडी.

उत्तर फ्लोरिडातल्या गेन्सव्हिल शहराला लागून असलेलं स्वीटवॉटर वेटलँड्स पार्क हे खरं तर माणसाने बांधलेलं पाणथळ आहे. शहरातून येणाऱ्या पाण्यातला नायट्रोजन वनस्पतींनी शोषून घ्यावा आणि मगच ते पेन्स प्रेअरीच्या विस्तीर्ण दलदलीत जावं, यासाठी केलेली ही तळी. एप्रिलचा पहिला आठवडा होता. मी आले होते ती गोड्या पाण्यातल्या गोगलगाई बघायला, आणि मला खास बघायची होती ती पांढरी अंडी. गुलाबी अंडी दक्षिण अमेरिकेतून आलेल्या पोमॅसिया मॅक्युलाटाची. पांढरी अंडी इथल्या मूळच्या पोमॅसिया पॅलुडोसाची, म्हणजे फ्लोरिडा ॲपल स्नेलची. प्राणिशास्त्र शिकलेल्यांना आपल्याकडची गोड्या पाण्यातली गोगलगाय, पायला, आठवत असेल, त्याच घराण्यातल्या या दोघी.

पुलावर एक वयस्कर स्वयंसेविका उभ्या होत्या. त्यांच्या कापडी पिशवीत दोन रिकामे शंख होते. एक मूळच्या गोगलगाईचा, लिंबाएवढा, दुसरा परदेशीचा, माझी मूठ भरून वर उरेल एवढा. "वेढ्यांच्या सांध्यावरून बोट फिरवून बघा," त्या म्हणाल्या. मोठ्या शंखाच्या सांध्यात बोट खोल खाचेत गेलं, लहान शंखावरून ते जवळजवळ सरळ घसरलं. पुस्तकात हा फरक मी चार वेळा वाचला होता, पण कळला तो बोटालाच. शंख स्वच्छ धुतलेले होते. पाण्यातली जिवंत गोगलगाय मात्र उघड्या हाताने उचलू नका, असं त्यांनी आवर्जून बजावलं. या गोगलगाईंमधून माणसाच्या मेंदूपर्यंत पोचणारा, मूळचा उंदरांचा एक कृमी येऊ शकतो.

आकड्यांतला फरक त्याहून मोठा. मूळची गोगलगाय एका वेळी साधारण वीस-तीस अंडी घालते. पाहुणी घालते सरासरी २०००. शिवाय त्या गुलाबी अंड्यांत मज्जासंस्थेवर परिणाम करणारं विषारी प्रथिन असतं, त्यामुळे त्यांना तोंड लावणारे प्राणी फारच थोडे. तो भडक रंग म्हणजे उघड उघड दिलेली ताकीदच.

तेवढ्यात ज्याच्यासाठी सगळे दुर्बिणी घेऊन थांबले होते तो पक्षी आला. स्नेल काइट, म्हणजे गोगलगाई खाणारी घार. नर होता, पाटीच्या दगडासारखा करडा, पाय नारिंगी. पाण्यावरून संथ, मान खाली घालून उडत आला, पंजा बुडवला आणि एक शंख उचलून समोरच्या वाळक्या फांदीवर बसला. पुढचं सगळं मी दुर्बिणीतून पाहिलं. शंख पायाखाली दाबला. तोंडावरचं झाकण बंद होतं. आकड्यासारखी वाकडी, बारीक चोच त्या झाकणाच्या कडेने हळूच आत गेली, गोगलगाईला शंखाशी धरून ठेवणारा स्नायू तिने तोडला आणि अख्खी गोगलगाय बाहेर आली. शंखाला तडासुद्धा गेला नाही. फांदीखाली रिकाम्या शंखांचा ढीग साचला होता, सगळे मोठे, खोल खाचेचे.

अमेरिकेत हा पक्षी फ्लोरिडाबाहेर घरटं करत नाही. त्याला संकटग्रस्त जाहीर केलं ते १९६७ मध्ये. १९९९ च्या सुमारास साडेतीन हजारांच्या आसपास असलेली त्याची संख्या २००८ पर्यंत सातशेच्या घरात आली. कारण उघड होतं. त्याचं जवळजवळ एकुलतं एक अन्न म्हणजे मूळची गोगलगाय, आणि दुष्काळ व पाण्याचं चुकीचं नियोजन यांनी तीच कमी झाली होती. त्याच काळात टोहोपेकलिगा तळ्यात मोठी परदेशी गोगलगाय पसरली. सुरुवातीला अभ्यासकांना घोर लागला, कारण कोवळ्या घारींच्या पंजांतून हे जड शंख सारखे निसटत होते. पण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं ते वेगळंच. अवघ्या दहा वर्षांत घारींच्या चोची मोठ्या झाल्या होत्या. पहिल्या वर्षात तगून राहत होती ती मोठ्या चोचीची पिल्लं. २०१८ मध्ये तर घारींनी पेन्स प्रेअरीत घरटी केली, जिथे त्या कित्येक दशकांत दिसल्या नव्हत्या.

म्हणजे आक्रमक, बाहेरून येऊन झपाट्याने पसरलेल्या, गोगलगाईने पक्षी वाचवला. मलाही त्या फांदीखाली उभं राहून आनंद झाला, तो लपवणार नाही. पण या एका पक्ष्यावरून सगळ्या पाण्याचा हिशेब मांडणं मला पटत नाही. ही गोगलगाय पाणवनस्पती फार झपाट्याने फस्त करते. त्या वनस्पतींच्या आडोशाला मासे वाढतात, त्यांच्यावर शेवाळ धरतं, त्या शेवाळावर मूळच्या गोगलगाई जगतात. घार मोजायला माणसं आहेत. बाकीच्यांची गणती कोण ठेवतं?

हा प्रश्न डोक्यात घेऊनच तिसऱ्या दिवशी इचटकनी नदीवर गेले. निघण्याआधी बूट ब्रशने घासून, धुऊन, रात्रभर वाळवले होते, कारण चिखलाच्या ढेकळातून गोगलगाय एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात सहज जाते. मेलॅनॉइडिस नावाची निमुळती गोगलगाय तर नराशिवाय पिल्लं देते, एक मादी पोचली तरी नवी वस्ती उभी राहते. भारतातल्या ओढ्यांत ती घरचीच आहे, फ्लोरिडाच्या कितीतरी झऱ्यांत मात्र उपरी. कोण आक्रमक हे जीव बघून ठरत नाही, जागा बघून ठरतं.

इचटकनीचं पाणी जमिनीखालच्या चुनखडकातून येतं, बारा महिने सुमारे २२ अंश. कयाक या छोट्या वल्ह्याच्या होडीतून खाली पाहिलं तर तळाचं गवत एका दिशेने विंचरल्यासारखं झुललेलं, आणि पात्यांवर काळपट, टोकदार इलिमिया गोगलगाई शेवाळ खरवडत बसलेल्या. त्या जिथून गेल्या तिथे पातं हिरवंगार, बाकी तपकिरी, मऊ लव आलेलं. पश्चिम काठावर कॉफी स्प्रिंग नावाचा एक छोटासा झरा नदीला मिळतो. इचटकनी सिल्टस्नेल नावाची, जेमतेम दोन मिलिमीटरची गोगलगाय साऱ्या जगात फक्त इथेच सापडते. मी कयाक लांबच थांबवली. ती गोगलगाय मला दिसली नाही, दिसणारही नव्हती. पण एका प्राण्याचं संपूर्ण जग एका खोलीत मावेल एवढ्या जागेत समोर होतं, आणि वल्ह्याचा एक धक्का तिथला गाळ ढवळायला पुरेसा होता. दहा मिनिटं मी वल्हं मांडीवर घेऊन नुसती बसून राहिले.

पांढरी अंडी अजून दिसली नव्हती. चौथा दिवस गाडी चालवण्यात गेला. पाचव्या दिवशी सकाळी दक्षिण फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स या अफाट दलदलीतल्या शार्क व्हॅलीत सायकल भाड्याने घेतली. मायामीहून पश्चिमेला जाणारा टामियामी ट्रेल हा रस्ता १९२८ मध्ये पुरा झाला आणि उत्तरेकडून संथपणे पसरत येणाऱ्या पाण्याला धरणासारखा आडवा पडला. पाणी पुन्हा मोकळं व्हावं म्हणून २०१३ मध्ये त्याचा एक मैल उचलून पुलावर घेतला. गोगलगाईला या पाण्याचं माप फार नेमकं लागतं. अंड्यांतून पिल्लं यायला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढ्यात पाणी चढलं तर अंडी बुडून मरतात. उलट पाण्याची खोली दहा सेंटिमीटरपेक्षा कमी झाली तर मोठ्या गोगलगाईंची हालचाल थांबते, चिखलात त्या काही काळ तग धरतात, पण छोट्या पिल्लांचा निभाव लागत नाही.

दर शंभर पावलांवर थांबून मी सॉग्रास या दलदलीतल्या उंच, गवतासारख्या वनस्पतीच्या पात्यांकडे बघत होते. दोनदा फसले. गुलाबी अंडी फुटायच्या वेळेला फिकी पडतात, त्यामुळे नुसत्या रंगावर जाता येत नाही, दाण्याचा आकार बघावा लागतो, हे पाठ असूनही दोन्ही वेळा वाळक्या पात्यावरच्या पांढऱ्या डागांनी मला सायकलवरून उतरवलं. मग टेहळणी मनोऱ्याच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेच्या पाण्यात, दिसली. भिजवलेल्या साबुदाण्याएवढी, दुधी पांढरी, सुट्या मण्यांसारखी एका देठावर बसवलेली. मी तीनदा मोजली. सत्तावीस. पाणी त्यांच्या खाली हातभर होतं, देठावर आधीच्या पातळीची तपकिरी रेघ होती.

त्या देठाच्या बुंध्याशी शेवाळाच्या पिवळट थरात काहीतरी हललं. लिंबाएवढा शंख वर आला, गोगलगाईने नळी लांब करून पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवली आणि हवा आत ओढू लागली. प्रत्येक ओढीबरोबर शंख किंचित पुढे-मागे हलत होता. मग नळी आत गेली आणि ती सावकाश खाली सरकत शेवाळाखाली दिसेनाशी झाली.