मशीनवर शून्य, रस्त्यावर थरथर: अलॉय आणि हब रिंग

नवीन अलॉय (मिश्रधातूची चाकं) घातले, चारही चाकांचं बॅलन्सिंग केलं, मशीनवर शून्य आलं. तरी महामार्ग ६६ वर ऐंशीच्या आसपास स्टिअरिंग थरथरतं. पुन्हा बॅलन्सिंग, पुन्हा शून्य, पुन्हा थरथर. बॅलन्सिंग करणाऱ्याला बोल लावण्याआधी मधली हब रिंग, म्हणजे हब आणि चाकाचं मधलं भोक यांतली मोकळी जागा भरणारी कडी, आहे का, ते बघा.

कंपनीच्या चाकाचं मधलं भोक गाडीच्या हबवर (चाक ज्यावर चढतं त्या भागाच्या मधल्या गोल उंचवट्यावर) नेमकं बसतं. स्विफ्ट आणि आय-२० चा हब ५४.१ मिमीचा, होंडा जॅझचा ५६.१. बाजारातल्या अलॉयला मात्र बऱ्याचदा ६७.१ किंवा ७३.१ चं भोक असतं, म्हणजे एकच डिझाइन अनेक गाड्यांना विकता येतं. ७३.१ चं चाक ५४.१ च्या हबवर चढवलं की सगळीकडून साडेनऊ मिमी मोकळी जागा राहते. चाक मध्यावर आणायचं काम मग एकट्या नटांवर पडतं.

बॅलन्सिंग मशीन चाकाला मधल्या भोकात शंकूच्या आकाराचा कोन घालून धरतं. गाडी तेच चाक नटांवर धरते. ही दोन केंद्रं एक नसतील तर मशीनवरच्या शून्याला अर्थ राहत नाही. टायरसकट १५ किलोचं चाक फक्त अर्धा मिमी बाजूला बसलं, तर १५ इंची रिमच्या काठावर जवळपास ४० ग्रॅमचं वजन चिकटवल्यासारखा परिणाम होतो. नट प्रत्येक वेळी थोडे वेगळे बसतात, म्हणून चाक काढून घातलं की थरथर कमी-जास्त होते. ही त्याची पक्की खूण. फक्त ब्रेक मारल्यावर थरथरत असेल तर रिंगच्या मागे लागू नका, ब्रेक डिस्क तपासा.

रिंग गाडीचं वजन पेलत नाही. नट आवळल्यावर चाकाची पाठ हबच्या तोंडावर दाबली जाते आणि त्या दाबातल्या घर्षणावर सगळा भार जातो. रिंगचं काम आवळेपर्यंत चाक मध्यावर धरणं, एवढंच. म्हणून चांगल्या पॉलिकार्बोनेटची रिंग छोट्या गाडीला पुरते. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना मी तीच सुचवेन, कारण खाऱ्या हवेत अॅल्युमिनियमची रिंग लोखंडी हबवर पांढरी भुकटी धरते आणि चिकटून बसते. मात्र चोर्ला किंवा अनमोड घाट नेहमी उतरणाऱ्यांच्या पुढच्या ब्रेकला बरीच उष्णता सोसावी लागते. तिथे हलक्या प्रतीचं प्लास्टिक मऊ पडून आकार सोडतं, तेव्हा पुढच्या चाकांना अॅल्युमिनियम घ्या आणि आतून ग्रीसचा अगदी पातळ हात द्या.

माप अंदाजाने घेऊ नका. हबचा गंज काढून व्हर्नियरने हब मोजा, मग अलॉयचं भोक मागच्या बाजूने. रिंगवर ७३.१–५४.१ असे दोन्ही आकडे असतात. ती चाकात अंगठ्याने दाबून घट्ट बसली पाहिजे आणि हबवर हाताने, किंचित अडत, सरकली पाहिजे. खुळखुळणारी रिंग टेप गुंडाळून बसवणं म्हणजे रिंग न घालण्यासारखंच.

बसवण्याआधी हबचं तोंड आणि मधला गोल भाग वायर ब्रशने व पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत घासा. आपल्याकडे पावसाळ्यानंतर तिथे तांबड्या मातीचा आणि गंजाचा थर हमखास असतो. स्टडवर (नट चढतात त्या आट्याच्या खिळ्यांवर) कंपनीने लावलेल्या पत्र्याच्या पातळ क्लिपा असतील तर काढा. मग हबच्या तोंडावर खडू घासा, रिंगसकट चाक चढवा, नट हलके आवळा आणि चाक परत काढा. पाठीवर खडूचा ठसा सगळीकडे सारखा उमटला तर चाक टेकतंय. एका बाजूला कोरं राहिलं, तर रिंगची कड बाहेर येतेय किंवा गंज उरलाय. अशा चाकाचे नट लवकरच सैल होऊ शकतात.

नटांचा आटा बघा: मारुती एम१२×१.२५ (स्टड १२ मिमी जाड, दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर), ह्युंदाई आणि होंडा एम१२×१.५. चुकीचा नट सुरुवातीचे एक-दोन आटे जातो आणि मग स्टड खातो. बाजारातल्या बहुतेक अलॉयना ६० अंशांच्या कोनाचा नट लागतो. होंडाच्या मूळ नटाचं बूड गोल असतं, ते त्या कोनात नीट बसत नाही. नट किमान १२ मिमी आत गेला पाहिजे, म्हणजे १.५ च्या आट्याला आठ फेरे, १.२५ ला दहा.

चाक जमिनीपासून वर असतानाच सगळे नट हाताने फिरवा, समोरासमोरच्या क्रमाने अर्धे आवळा, मगच जॅक सोडून टॉर्क रेंचने शेवटचा आवळ द्या. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर लागतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. एअर गनने थेट आवळू देऊ नका. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा, नव्या अलॉयच्या नटाखालचा रंग दबून आवळ कमी होतो.

रिंगने पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) आणि ऑफसेट (चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून हबवर टेकणाऱ्या पाठीचं मिमीतलं अंतर, चाकावर ‘ईटी’ लिहिलेलं) यांचे प्रश्न सुटत नाहीत. सहा इंच रुंद, ईटी ४५ च्या जागी साडेसहा इंच, ईटी ३८ घातलं तर चाक सुमारे १३ मिमी बाहेर येतं आणि खड्ड्यात मडगार्डला घासू शकतं. टायरची उंची मात्र जमवता येते: १६५/८० आर १४, १८५/६५ आर १५ आणि १९५/५५ आर १६ यांचा व्यास जवळपास ६२० मिमीच येतो.

आता स्टेपनी. ती कंपनीचीच, ५४.१ भोकाची. पंक्चर झाल्यावर अलॉय निघतं आणि रिंग कधीकधी हबवरच अडकून राहते. तिच्यावर स्टेपनी टेकतच नाही, नट आवळले तरी चाक हलतं. म्हणून अलॉय काढल्यावर आधी हबवर बोट फिरवा. रिंग असेल तर लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने थोडी थोडी चारही बाजूंनी उचकटा, हातोडी नको. तेल सोडायची वेळ आलीच तर ब्रेक डिस्कवर थेंबही उडता कामा नये. कंपनीचे जुने नट एका पिशवीत घालून डिकीत, जॅकच्या शेजारी ठेवा. आणि टायर बदलायला दिला असेल तर चाक परत घेताना रिंग जागेवर आहे का, ते मागून बघून घ्या.