माइक लावताना

माइक लावता लावताच ती गाठ हाताला लागली. रात्री नऊचं बुलेटिन, ऑन एअर जायला चार मिनिटं. पदराखालून वायर वर घेताना डावीकडे, काखेच्या अलीकडे, वाटाण्याएवढं काहीतरी टणक. दुखत नव्हतं, म्हणून तीन आठवडे गप्प बसले. दुखत नसली तरी गाठ दाखवायचीच असते, हे सोळा वर्षं बातम्या वाचूनही मला ठाऊक नव्हतं. याची खंत अजून जात नाही.

मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे, मग बायोप्सी, गाठीचा तुकडा काढून तपासणी. स्तनांचा कर्करोग. शस्त्रक्रिया, केमो. केस गेले.

त्या दिवसांत एमी रोबाकबद्दल वाचलं. १ ऑक्टोबर २०१३ ला या अमेरिकन पत्रकार बाईने टीव्हीवर, कॅमेऱ्यासमोर मॅमोग्राम करून घेतला. त्रास काहीच नव्हता. तिला तयार केलं सहकारी रॉबिन रॉबर्ट्सने, जिला स्वतःला २००७ मध्ये हा आजार झाला होता. काही आठवड्यांत एमीलाही कर्करोगच निघाला. मी ते तीनदा वाचलं.

कामावर परतल्यावर विशेष बुलेटिन मीच लिहिलं. प्रॉम्प्टरवर पाहते तर 'स्तनांचा' खोडून कुणीतरी 'महिलांचा कर्करोग' केलेलं. फार राग आला. नावच घ्यायचं नाही, तर बाई तपासायला जाणार कशी? मी 'स्तनांचा कर्करोग' असंच वाचलं, बोटभर वाढलेल्या केसांनिशी.

परवा मेकअपच्या ताईंनी दार लोटून घेतलं. "मॅडम, नेमकं कसं लागतं हो हाताला?" बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण ते डॉक्टरांनी सांगायचं, असं त्यांना म्हटलं. सोमवारची वेळ घेतली आहे. मी सोबत जाणार आहे.