सालातून कापलेली रक्कम

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. एरवी हा प्रश्न मी हसून टाळतो. ‘सर, मनुस्मृती, याज्ञवल्क्यस्मृती, हम्मुराबीचे कायदे हे सगळे तुम्ही एवढ्या आवडीने का वाचता?’ विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना मी त्या ग्रंथांचा समर्थक वाटतो आणि उरलेल्यांना मी तसा नाही याचाच राग असतो.

आवड नाही. त्या शिक्षांच्या क्रौर्यावर सगळेच बोलतात. मी तिथले दर पाहतो. प्राचीन बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या शिळेवर, प्रतिष्ठिताने प्रतिष्ठिताचा डोळा फोडला तर त्याचाही डोळा फोडावा, सामान्याचा फोडला तर एक मिना (सुमारे अर्धा किलो) चांदी द्यावी आणि गुलामाचा फोडला तर त्याच्या किमतीची निम्मी रक्कम भरावी, असे कोरलेले आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात ब्राह्मणाला अपशब्द बोलणाऱ्या क्षत्रियाला १०० पण (त्या काळचे नाणे) दंड आहे, शूद्राला शारीरिक शिक्षा; ब्राह्मण शूद्राला बोलला तर १२ पण.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी वर्गात याच अध्यायातला दुसरा श्लोक मोठ्या तोऱ्याने सांगत असे: जाणत्याने चोरी केली तर शूद्राला ८ पट दंड आणि ब्राह्मणाला ६४ पट. ‘सर, असा ६४ पट दंड कोणाकडून वसूल झाला?’ असे एका मुलीने विचारले, तेव्हा मी तास लवकर संपवला. तिच्यावर चिडलो होतो, हे कबूल करतो. कारण तिला ठाऊक नसलेली एक वसुली मला ठाऊक होती.

मी नववीत असताना आमच्या आखाड्यावरून, म्हणजे शेतातल्या गोठ्यावरून, तुरीची दोन पोती गेली. आखाड्यावर सालगडी राहत होता, तेव्हा चोर कोण हे ढाळजेतल्या, म्हणजे वाड्याच्या दर्शनी ओसरीवरच्या, बैठकीआधीच ठरलेले होते. तो उंबऱ्याबाहेर उकिडवा बसून ‘मालक, लेकराची आण’ एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत होता. चुलत्यांनी दुप्पट किंमत सालातून, म्हणजे त्याच्या वर्षाच्या मजुरीतून, कापायची ठरवली आणि माझे अक्षर चांगले म्हणून वहीत ती रक्कम मला मांडायला लावली. मी मांडली. माझा चुलतभाऊ पहाटे बैलगाडीत पोती टाकताना मला दिसला होता. त्याला कोणी मोंढ्यावर, धान्याच्या बाजारात, पाठवले असेल, असे मी स्वतःला समजावले. त्या वयाच्या मुलाने मोठ्यांसमोर काय बोलायचे, असे मी पुढे वर्षानुवर्षे म्हणत आलो, आणि अजूनही अर्धवट म्हणतो.

महिन्याभरात सगळे उघड झाले. भावाला दोन थपडा बसल्या आणि ट्रंक, गादी, खर्चाचे पैसे देऊन त्याला औरंगाबादला शिकायला पाठवण्यात आले. आमचे घर ब्राह्मणाचे नव्हते. तरी पुढे मनूचा तो श्लोक वाचला, की ब्राह्मणाने कोणतेही पाप केले तरी त्याला मारू नये, सर्व धनासह आणि अक्षत राज्याबाहेर घालवावे, तेव्हा डोळ्यांसमोर ती ट्रंकच आली.

सालगड्याची रक्कम परत मिळाली नाही. पाडव्याला साल संपले आणि तो निघून गेला.

याज्ञवल्क्यस्मृतीतल्या व्यवहाराध्यायाच्या, म्हणजे न्यायनिवाड्याच्या भागाच्या, शेवटी, राजाने अन्यायाने घेतलेला दंड तीसपट करून वरुणाला अर्पावा आणि ब्राह्मणांना द्यावा, असे म्हटले आहे. ज्याचा पैसा गेला तो त्या श्लोकात कुठेच नाही. बाराव्या शतकाच्या आसपास, आपल्या उदगीरपासून फार दूर नसलेल्या कल्याणीत (आजच्या बसवकल्याणात) विज्ञानेश्वराने याच स्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली, आणि तिथे त्याने जोडले: जेवढे घेतले तेवढे त्या माणसाला परत द्यावे, नाहीतर ती चोरीच ठरेल. ज्या ग्रंथांशी मी भांडतो त्यांतच हे मिळावे, याचे काय करायचे ते मला कळलेले नाही.

गेल्या दिवाळीत त्या सालगड्याचा मुलगा मोंढ्यात हमाली करताना भेटला. मी पाकीट पुढे केले. ‘कशाचे, मालक?’ त्याने विचारले. ‘दिवाळीचे,’ मी म्हणालो.