ज्याला सीडर नाहीत, ते आधी

टोरंट म्हणजे फाइल तुकड्यातुकड्यांनी एकमेकांच्या संगणकांवरून घेण्याची सोय. पूर्ण फाइल जवळ ठेवून ती इतरांना वाटत राहतो तो सीडर, आणि त्याचं हे काम म्हणजे सीडिंग. क्यूबिटटोरंट या टोरंटच्या प्रोग्रॅममध्ये डाउनलोड चालू असताना 'अव्हेलेबिलिटी' हा रकाना एकदा बघा. दिसत नसेल तर रकान्यांच्या मथळ्यावर राइट क्लिक करून चालू करता येतो. तुम्ही आणि तुमच्याशी जोडलेले सगळे मिळून त्या फाइलच्या किती पूर्ण प्रती होतात, ते हा आकडा सांगतो. १२.४ असेल तर काळजी नाही. ०.९६ असेल तर शंभरातले चार तुकडे त्यांच्यापैकी कुणाकडेच नाहीत, आणि ते घेऊन कुणी आलं नाही तर डाउनलोड ९६ टक्क्यांवर थांबणार. ते चार तुकडे असलेली व्यक्ती कधीतरी होती. तिचं काम झालं आणि तिने टोरंट काढून टाकलं.

मी मिरजेत एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. एखाद्या जुन्या पुस्तकाची एकच प्रत उरली की ती कशी जपायची, हा आमच्या कामाचाच भाग. टोरंटचंही मला तसंच वाटतं, म्हणून घरी एक जुना लॅपटॉप फक्त सीडिंगसाठी चालू असतो. त्याची बॅटरी अजून शाबूत आहे, त्यामुळे वीज गेली तरी तो बंद पडत नाही. राऊटरला छोटा यूपीएस लावला आहे. १५ वॅट धरले तरी महिन्याला साधारण ११ युनिट होतात, तेवढे मी आनंदाने भरते.

सीड काय करायचं, हा खरा प्रश्न. उबुंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या नव्या आवृत्तीला जगभर इतके सीडर असतात की तिथे माझ्या अपलोडने फार फरक पडत नाही. माझ्या यादीत मुख्यतः इंटरनेट आर्काइव्हवरची जुनी मराठी पुस्तकं आहेत. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'ने स्कॅन केलेली असंख्य पुस्तकं तिथे आहेत. त्यातली मी स्वामित्व हक्काची मुदत संपलेलीच निवडते, म्हणजे आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं उलटलेली. हे तपासायलाच हवं, कारण टोरंटमध्ये डाउनलोड करतानाच तुम्ही इतरांना तुकडे वाटतही असता. आर्काइव्ह २०१२ पासून टोरंट देतं, आणि त्यांचे स्वतःचे सर्व्हरही वेब सीड म्हणून, म्हणजे सीडरसारखेच फाइल देणारे, त्यात असतात. त्यामुळे एकही सीडर नसला तरी पुस्तक उतरतं, आणि सीड करायची गरजच काय, असं वाटतं. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यानंतर आर्काइव्ह काही दिवस बंद होतं. अशा वेळी वेब सीडचा उपयोग नसतो. कुणाच्या तरी घरची प्रत चालू असेल तरच डीएचटीतून, म्हणजे मधल्या सर्व्हरशिवाय संगणकांनी आपसात ठेवलेल्या नोंदींतून, माणसं एकमेकांना शोधू शकतात.

दुसरी गोष्ट किविक्स या ऑफलाइन वाचनाच्या प्रोग्रॅमची. इंटरनेट नसताना वाचायला विकिपीडियाची पूर्ण प्रत 'झिम' नावाच्या प्रकारच्या एका फाइलमध्ये मिळते, मराठी विकिपीडियाचीही, आणि तिचं टोरंट असतं. इथे मात्र नवी आवृत्ती आली की जुनी काढून नवी लावावी. जुनीला धरून बसण्यात अर्थ नाही.

सीडिंग कधी थांबवायचं हे बरेच जण रेशोवर ठरवतात: जितकं घेतलं तितकं दिलं, रेशो १ झाला, संपलं. मला ही पद्धत पटत नाही. दुर्मिळ पुस्तकाचा रेशो महिनोन् महिने शून्यावर असतो, मग एखाद्या रात्री कुणीतरी येऊन पूर्ण फाइल घेऊन जातं. मर्यादा लावायचीच तर गर्दीच्या टोरंटला लावा. क्यूबिटटोरंटमध्ये ती प्रत्येक टोरंटला वेगळी ठेवता येते. डाउनलोड पूर्ण झाल्यावर अव्हेलेबिलिटी उपयोगाची राहत नाही, तेव्हा 'सीड्स' रकान्यातला कंसातला आकडा बघावा. ज्यांचा सर्वांत कमी, ती टोरंटं कधीच थांबवायची नाहीत.

पण नुसतं चालू ठेवून भागत नाही. बाहेरचा माणूस तुमच्यापर्यंत पोचला पाहिजे, आणि आपल्याकडच्या घरगुती कनेक्शनवर घोडं इथेच अडतं. क्यूबिटटोरंटच्या खालच्या पट्टीतलं चिन्ह हिरवं असेल तर बाहेरून जोडण्या येताहेत. पिवळट ज्वाळा दिसत असेल तर येत नाहीत. आधी राऊटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे इंटरनेट कंपनीने राऊटरला दिलेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच सार्वजनिक आयपी अनेक घरांत वाटलेला आहे. मग राऊटरमध्ये कितीही पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी ठरावीक यंत्राकडे वळवणं) करा, उपयोग नाही. तुम्ही बाहेर जोडू शकता, पण समोरचाही सीजीनॅटमागे असेल तर दोघांची गाठ पडणं कठीण. सीडर एक आणि घेणारा एक, तरी फाइल जागची हलत नाही.

उपाय दोन. स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा असा कायमचा सार्वजनिक पत्ता, विकत घ्या, नाहीतर आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) चालू करा. दुसरा फुकट आहे, म्हणून आधी तोच करून बघा. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळतो, फक्त राऊटरच्या फायरवॉलमध्ये क्लायंटचा, म्हणजे क्यूबिटटोरंटचा, पोर्ट त्या यंत्रासाठी उघडावा लागतो. क्यूबिटटोरंटच्या सेटिंगमधल्या 'कनेक्शन'मध्ये पोर्ट एकदा ठरवा आणि तोच ठेवा, दर वेळी बदलू देऊ नका.

अपलोडला मर्यादा घालाच. कंजूषपणा म्हणून नाही. अपलोड पूर्ण भरलं की डाउनलोडच्या पोचपावत्याही त्याच रांगेत अडकतात आणि घरातल्या सगळ्यांचं नेट रडतं. मग घरचे लॅपटॉप बंद करायला लावतात आणि सीडिंगच थांबतं. क्षमतेच्या ८० टक्के पुरेसं. ४० एमबीपीएसचं अपलोड असेल तर सेटिंगमध्ये साधारण ३९०० लिहा, कारण तिथलं एकक केआयबी (१०२४ बाइट) प्रति सेकंद आहे. रात्रीसाठी वेळापत्रक लावून मर्यादा वाढवता येते.

माझ्या लॅपटॉपवर डेबियन (एक लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम) आणि 'क्यूबिटटोरंट-नॉक्स' आहे, म्हणजे खिडकी नसलेली आवृत्ती. ती ब्राउझरमधून ८०८० पोर्टवर उघडते. ४.६.१ पासून पहिल्यांदा चालू करताना तात्पुरता पासवर्ड टर्मिनलवर दिसतो; आत जाऊन लगेच स्वतःचा ठेवा. टोरंटचा पोर्ट बाहेर उघडायचा, ८०८० मात्र कधीही नाही.

ज्यांचं नेट अगदी हळू आहे, त्यांनाही सीडर होता येतं. फाइल पेनड्राइव्हवर आणून लॅपटॉपवर ठेवा, टोरंट जोडताना तोच फोल्डर दाखवा आणि 'फोर्स रीचेक' द्या. क्लायंट प्रत्येक तुकड्याचा हॅश (त्यातल्या मजकुरावरून काढलेली खूण) ताडून बघतो आणि सगळे जुळले की थेट सीडिंग सुरू होतं, एक बाइटही डाउनलोड न करता. शून्य टक्के दाखवत असेल तर बहुतेक वेळा फाइलचं किंवा फोल्डरचं नाव वेगळं असतं. टोरंटच्या 'कंटेंट' टॅबमध्ये जे नाव दिसतं, अगदी तेच द्या आणि पुन्हा रीचेक करा.