जुन्या लेथच्या मापानं: आमची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. लेथ (धातूचा तुकडा, म्हणजे जॉब, फिरवून कापणारं यंत्र) आणि मिलिंग मशीन (फिरत्या कटरनं कापणारं यंत्र) यांवर चढवायची अटॅचमेंट्स आम्ही बनवतो: व्हर्टिकल स्लाइड, टूलपोस्ट ग्राइंडर, झटपट बदलता येणारे टूलपोस्ट (कापणारं टूल धरणारे ठोकळे), बॉल टर्निंगचं अटॅचमेंट, बोरिंग हेड, डिव्हायडिंग हेडच्या (वर्तुळाचे सारखे भाग पाडून देणाऱ्या उपकरणाच्या) प्लेटी, आणि जुन्या इंची लेथसाठी 127 दातांचं गिअर. यातली जवळपास प्रत्येक वस्तू आधी आमच्याच गरजेपोटी तयार झाली. मग शेजारच्या शेडमधून कोणीतरी म्हणालं, "आम्हालाही एक करून द्या की." धंदा असा उभा राहिला.

सुरुवात माझ्या वडिलांनी, आबांनी, जॉबवर्कनं केली. ऑइल इंजिनं आणि पंपांचे सुटे भाग, गुऱ्हाळाच्या चरकाची दुरुस्ती, अशी कामं तेव्हा उद्यमनगरात भरपूर होती. बंद पडलेल्या एका कारखान्याच्या लिलावातून आबांनी जुना लेथ आणला. बेड (यंत्राचा लांब पाया) चांगला, स्पिंडल (फिरणारा मुख्य दांडा) चांगलं, बाकी सगळं सैल. मिलिंग मशीन घेण्याइतके पैसे नव्हते. त्यामुळे शाफ्टला साधा कीवे (चावी बसवायची खाच) पाडायचा तरी जॉब दुसऱ्याच्या दारात जाऊन पडायचा, आणि त्याची वेळ झाली की आपली वेळ. आबांना ते सहन होईना. त्यातून आमची पहिली व्हर्टिकल स्लाइड झाली.

लेथच्या क्रॉस स्लाइडवर (टूल आडवं सरकवणाऱ्या भागावर) उभी बसणारी ही सरकपट्टी. कटर स्पिंडलमध्ये धरायचा, जॉब या पट्टीवर बांधायचा, म्हणजे लेथचंच छोटं मिलिंग मशीन होतं. वाचायला सोपं आहे, पण करायला घेतलं की खरं दुखणं कळतं. लेथची रचना कापण्याचा जोर खाली बेडवर घेण्यासाठी असते. मिलिंगचा जोर सगळीकडून हिसके देतो आणि उभी स्लाइड तर अधांतरी असते. म्हणून आबांनी बॉडी जाड बिडाची घेतली, पॅटर्न गल्लीतल्या सुतारमामांकडून करून घेतला, आणि ओतीव तुकडा आधी जाडजाड कापून बरेच महिने तसाच ठेवला. बिडातला ताण सुटल्याशिवाय शेवटचं माप घेतलं तर ते नंतर फिरतं. आता आम्ही कास्टिंग भट्टीत 550 अंशांच्या आसपास तापवून सावकाश निववतो, पण हेतू तोच.

मग स्क्रॅपिंग. सरफेस प्लेटला निळं लावायचं, स्लाइड त्यावर घासायची, जिथं निळं उमटेल तो उंचवटा हातानं खरवडायचा. हे पुन्हा पुन्हा करत राहायचं, निळे ठिपके सगळीकडे सारखे पसरेपर्यंत. आजही आमच्या स्लाइडची बॉडी बाहेरच्या व्हीएमसीवर (संगणकानं चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) कापून येते, पण गिब आणि डोव्हटेल (स्लाइडची पाचर आणि तिरकी खाच) आमच्याच शेडमध्ये हातानं बसवले जातात. ते काम मी कुणाला बाहेर देणार नाही.

गिऱ्हाइकाला स्लाइड देताना दोन गोष्टी आम्ही तेव्हाही सांगायचो आणि आताही सांगतो. एंडमिल (दांडीसारखा मिलिंग कटर) तीन जबड्यांच्या चकमध्ये धरू नका. जबडे कडक, कटरची दांडी कडक, ती सरकते. कोलेट (दांडीला चहूबाजूंनी आवळणारी चिरलेली नळी) वापरा, आणि कोलेट होल्डर मोर्स टेपरचा (निमुळत्या दांडीचा) असेल तर स्पिंडलच्या मागून ड्रॉबार (ओढून धरणारा लांब बोल्ट) टाकून आवळा. ड्रिलचा जोर टेपरला आत दाबतो, म्हणून ड्रिलला ड्रॉबार लागत नाही. एंडमिलचा जोर बाजूनं येतो आणि तिचा पीळ तिला बाहेर ओढतो. दुसरं म्हणजे, जॉब नेहमी कटरच्या दातांच्या विरुद्ध दिशेनं सरकवा. जुन्या लेथच्या क्रॉस स्क्रूमध्ये खेळ (सैलपणा) असतोच. दातांच्या दिशेनं जॉब गेला तर कटर त्याला आत खेचतो आणि तुटतो.

आबांच्या कामातला मला सगळ्यात प्रिय भाग मात्र 127 दातांच्या गिअरचा आहे. आमच्या भागात अजूनही कितीतरी लेथ इंची लीडस्क्रूचे (आटे पाडताना टूल पुढे नेणाऱ्या लांब स्क्रूचे) आहेत, इंचाला चार आटे असलेले. बोल्ट मात्र मिलिमीटरचे मागितले जातात. एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर, म्हणजेच 127 भागिले 5. 127 ही मूळ संख्या, तिला कशानंच भाग जात नाही, त्यामुळे अचूक मेट्रिक आटे पाडायचे तर गिअरांच्या साखळीत 127 दातांचं एक चाक हवंच. ते असलं की हिशेब सोपा होतो: दीड मिलिमीटर पिचला स्पिंडलकडे 30, स्क्रूकडे 127, दोन मिलिमीटरला 40 आणि 127, मध्ये एक आयडलर (फक्त फिरणं पुढे पोचवणारं चाक). काहीजण 63 दातांच्या चाकावर भागवतात. त्यात सुमारे 0.8 टक्के चूक राहते. छोट्या नटात ती लपते, पण 100 मिलिमीटर लांब स्क्रूवर ती पाऊण मिलिमीटरच्या वर जाते.

आता हे चाक कापायचं कसं? डिव्हायडिंग हेडचं वर्म 40 ला 1, म्हणजे हँडलच्या 40 फेऱ्यांत जॉबची एक फेरी. एका दातासाठी हँडल 40/127 फेरी फिरवायचं, म्हणजे 127 भोकांची प्लेट लागणार, आणि ती नेहमीच्या प्लेटींमध्ये नसते. ज्यांच्याकडे युनिव्हर्सल हेड आहे ते डिफरन्शियल इंडेक्सिंग करतात: 127 ऐवजी 120 भाग धरून हँडल एक तृतीयांश फिरवायचं आणि 56 व 24 दातांच्या गिअरांनी प्लेट उलटी सरकवत न्यायची. आबांकडे साधं हेड होतं, गिअर जोडायला त्याला जागाच नव्हती.

त्यांनी पत्र्याची एक पट्टी घेतली. तिच्यावर पाच मिलिमीटरच्या अंतरानं बारीक भोकं पाडली. सुमारे 202 मिलिमीटर व्यासाची लाकडी चकती लेथवर थोडी थोडी खरडत आणली, पट्टी गुंडाळल्यावर 128वं भोक पहिल्यावर नेमकं बसेपर्यंत. ही चकती हेडच्या वर्मवर चढवली, आणि तिच्या आधारानं स्पिंडलवर बांधलेल्या सपाट प्लेटवर 127 भोकं पाडली. पट्टीत पाव मिलिमीटरची चूक असेल, तरी वर्ममुळे तिचा कोन 40 ने भागला जातो. मग ती सपाट प्लेट हेडला लावून गिअर कापलं, म्हणजे पुन्हा 40 ने भागाकार. हेडच्या वर्मची स्वतःची चूक उरते, पण हातानं पाडलेल्या भोकांची चूक शोधूनही सापडत नाही. महागडं यंत्र नसताना एवढी अचूकता एका पट्टीतून काढता येते, याचं मला आजही तितकंच अप्रूप वाटतं. दीड मॉड्यूलचं (मॉड्यूल म्हणजे दाताचं माप) आमचं गिअर आज दोन नंबरच्या कटरनं कापलं जातं आणि प्लेट सीएनसीवर होते. आबांची ती पहिली सपाट प्लेट मी ऑफिसात भिंतीवर लावली आहे.

डिप्लोमा करून मी शेडमध्ये आले तेव्हा ड्रॉइंग नावाचा प्रकार नव्हता. सगळी मापं आबांच्या डोक्यात आणि दाराच्या मागे खडूनं लिहिलेली. मी आधी ती कागदावर उतरवली, मग कॅडमध्ये. ते करताना एक गोष्ट ठळकपणे दिसली: एकच अटॅचमेंट दोन लेथला जसंच्या तसं बसत नाही. हरिहरच्या मैसूर किर्लोस्करचा लेथ, एचएमटीचा लेथ, बटाल्याचा किंवा राजकोटचा लेथ, प्रत्येकाची सेंटरची उंची वेगळी, टी-स्लॉट वेगळे, टूलपोस्टचा स्टड वेगळा. आयात केलेले टूलपोस्ट आमच्यापेक्षा स्वस्त मिळतात आणि त्यातले काही खरोखर चांगले आहेत. पण ते ठराविक साइजचे असतात. गिऱ्हाइकाला मग कंपाउंड (टूलपोस्टखालचा सरकता भाग) खरडून घ्यावं लागतं, नाहीतर टूलखाली पत्र्याच्या पट्ट्या लावत बसावं लागतं. आम्ही मापं मागवतो आणि त्याच मापाचा पोस्ट देतो. आमच्यासारख्या लहान शेडला जमणारी आणि मोठ्या कारखान्याला न परवडणारी गोष्ट ती हीच.

टूलपोस्ट ग्राइंडरबाबत आम्ही कडक आहोत. 75 मिलिमीटरचं चाक मिनिटाला 8000 फेऱ्यांनी फिरलं, तर कडेचा वेग सेकंदाला 31 मीटरच्या पुढे जातो. चाकावर जी मर्यादा छापलेली असते, तिच्या आत राहील अशीच पुली आम्ही देतो. गार्डशिवाय ग्राइंडर विकत नाही, कितीही घासाघीस झाली तरी. आणि ग्राइंडिंग करताना बेड झाकायचा, हे बॉक्सवर मोठ्या अक्षरांत लिहितो. चाकाची भुकटी तेलात मिसळली की बेडलाच ग्राइंड करत बसते.

सीएनसी आल्यावर उद्यमनगरातलं बरंचसं साधं टर्निंग शिरोली आणि गोकुळ शिरगावकडे गेलं. आमच्याकडच्या ऑर्डरी मात्र वाढल्या, कारण जुने लेथ दुरुस्तीच्या कामाला लागले. साखर कारखान्यांची वर्कशॉपं, इचलकरंजीचे मागवाले, जतकडचे पंप दुरुस्त करणारे, आयटीआयचे शिक्षक. हुपरीच्या एका चांदी कारागिरासाठी छोटं इंडेक्सिंग हेड केलं, ते आता आमच्या यादीत कायमचं आहे. 2019 च्या महापुरात हायवे बंद झाला आणि तयार माल शेडमध्ये अडकला. 2020 नंतर घरी छोटा लेथ घेऊन बसणाऱ्या हौशी लोकांचे फोन सुरू झाले. त्यांच्यासाठी सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणून स्पिंडलच्या मागच्या भोकात आवळायचं हँडल केलं. मोटारचा प्लग काढायचा आणि खांद्यापर्यंतचे आटे हातानं फिरवून पाडायचे. त्याला एवढी मागणी येईल असं वाटलं नव्हतं.

टूलपोस्ट हवा असेल, तर आम्हाला तीन मापं पाठवा: टूलच्या दांडीची जाडी, स्टडचा व्यास आणि सेंटरची उंची. उंचीसाठी चकमध्ये एक सरळ दांडा धरा, डायल लावून तो खरा फिरतोय ना ते बघा, कंपाउंडच्या माथ्यापासून दांड्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजा आणि दांड्याचा अर्धा व्यास वजा करा. मोजण्याआधी कंपाउंडचा माथा स्वच्छ पुसा आणि तिथं उचललेली बर (धातूची टोचरी कड) असेल तर कानसीनं काढा.