मिनी डीव्ही क्यासेट आणि यंदाची मिरवणूक, एकाच टाइमलाईनवर

बेळगावच्या शहापूर भागातल्या एका मंडळाचे कार्यकर्ते सकाळीच माझ्याकडे पेनड्राईव्ह घेऊन आले. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीची फिल्म दुसरीकडे एडिट करून झाली होती. त्यात जुन्या वर्षांचं फुटेज मिनी डीव्हीवरचं, म्हणजे हँडीकॅमच्या छोट्या डिजिटल क्यासेटीवरचं, आणि यंदाचं फुल एचडी (1920 बाय 1080). दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती एलईडी वॉलवर दाखवायची होती. त्यांचं म्हणणं सरळ होतं: "जुनं पिक्चर फुटतंय ओ. माणसं पण जाड दिसालेत. बघा की काय तरी."

जाड दिसण्याचं कारण लगेच कळलं. 4:3 चं चित्र ओढून 16:9 मध्ये भरलं होतं, म्हणजे प्रत्येक माणूस रुंदीने 33 टक्के फुगलेला. दुसरं दुखणं मात्र त्याहून खोल होतं. एकेक फ्रेम पुढे सरकवून पाहिली, तर लेझीम खेळणाऱ्या पोरांच्या हातांभोवती कंगव्याच्या दात्यांसारख्या आडव्या रेघा. त्या एका ओळीच्या बारीक रेघा नव्हत्या, जाड आणि कडांना पुसट होत्या. तेवढ्यावरून कळलं की या फाईलवर काम करण्यात अर्थ नाही, मूळ क्यासेटीच लागणार.

पाल डीव्हीच्या (आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीच्या) एका फ्रेममध्ये 576 ओळी असतात, पण त्या एकाच क्षणाच्या नसतात. 288 ओळींची एक फील्ड आणि 288 ओळींची दुसरी, दोन्हींमध्ये सेकंदाच्या 50व्या भागाचं अंतर. ही इंटरलेस, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन फील्डची फ्रेम तशीच 1080 ओळींवर ताणली की 1.875 पटीच्या हिशेबात शेजारशेजारच्या ओळी एकमेकींत मिसळतात. दोन वेगवेगळे क्षण एकदा असे कालवले गेले की कुठलाही डीइंटरलेस (फील्ड सोडवणारा) फिल्टर ते पुन्हा वेगळे करू शकत नाही. म्हणून आधी फील्ड सोडवायच्या, मग चित्र मोठं करायचं. हा क्रम उलटा झाला की पुढची सगळी मेहनत वाया.

दुपारपर्यंत क्यासेटी आल्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडलेल्या क्यासेटीला आधी उजेडात धरून खिडकीतून टेप बघायची. रिळाच्या कडेवर पांढुरके ठिपके असले तर ती बुरशी. तशी क्यासेट मशीनमध्ये घातली की हेड भरतं आणि मागून येणाऱ्या चांगल्या क्यासेटीही मोझेक (चित्रात चौकोन) टाकू लागतात. या क्यासेटी स्वच्छ निघाल्या. प्रत्येक क्यासेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घेतली, म्हणजे टेपचा ताण सारखा होतो. एक क्यासेट एलपी मोडवर (त्याच टेपवर जास्त वेळ भरायच्या सोयीने) भरलेली होती आणि आमच्या कॅमेऱ्यावर चौकोन पाडत होती. एलपीमध्ये ट्रॅक अरुंद असतो, त्यामुळे ज्या कॅमेऱ्याने भरलं त्यावरच ती सर्वांत बरी चालते. मंडळाने तो जुना हँडीकॅम कुणाच्या तरी माळ्यावरून काढून आणला आणि चौकोन जवळजवळ गेले.

कॅप्चर फायरवायरनेच, म्हणजे डीव्ही कॅमेऱ्याच्या डिजिटल केबलनेच करायचं. कॅमेऱ्यावर यूएसबीचं भोक दिसतं म्हणून त्यातून घेऊ नये. बहुतेक मॉडेलमध्ये तिथून फोटो किंवा वेबकॅमच्या दर्जाचं चित्र मिळतं. फायरवायरमधून टेपवरचा डेटा जसाच्या तसा उतरतो, तासाला साधारण 13 जीबी. त्यासाठी कार्ड बसवलेला जुना डेस्कटॉप सांभाळून ठेवला आहे, आणि तो यूपीएसवर असतो. एलपीच्या क्यासेटीवर आवाज 12 बिट, 32 किलोहर्ट्‌झ होता, तो आधी 48 किलोहर्ट्‌झला बदलून घेतला. घरगुती डीव्ही कॅमेऱ्यात आवाजाचं घड्याळ चित्राला घट्ट बांधलेलं नसतं, लांब क्लिपमध्ये ढोलाचा ठोका हळूहळू टिपरीपासून सुटतो. म्हणून सीनप्रमाणे तुकडे करूनच टाइमलाईनवर घेतलं.

टाइमलाईन 1920 बाय 1080, सेकंदाला 50 फ्रेम, प्रोग्रेसिव्ह (प्रत्येक फ्रेम पूर्ण, फील्ड नाहीत). 25 घेतली असती तर जुन्या फुटेजमधल्या निम्म्या हालचाली फेकाव्या लागल्या असत्या. 50 फील्डच्या 50 फ्रेम केल्या की लेझीमची लय तशीच राहते. एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरमधला बीडब्ल्यूडीआयएफ हा डीइंटरलेस फिल्टर बहुतेक शॉटना पुरला. फक्त तिरक्या दोऱ्या, ध्वजाच्या काठ्या आणि चित्ररथावरची बारीक सजावट जिथे थरथरत होती, तिथे क्यूटीजीएमसी हा दुसरा डीइंटरलेसर लावला. तो चित्र सुंदर सोडवतो पण फार वेळ खातो, सगळ्यावर लावत बसलो असतो तर कार्यक्रमच गाठता आला नसता. डीव्हीत खालची फील्ड आधी असते, आणि इंटरलेस एचडीव्ही किंवा एव्हीसीएचडी या एचडी कॅमेऱ्यांच्या प्रकारांत वरची. ही सेटिंग चुकली की चालणारा माणूस पुढे-मागे-पुढे झटके खातो. तपासायचं झालं तर सोडवलेली क्लिप एकेक फ्रेम सरकवा. हात एकदाही मागे जाता कामा नये.

आता मापं. 720 पैकी दोन्ही बाजूंचे 8-8 पिक्सेल कापले, उरले 704 बाय 576. हे बरोबर 4:3 चं चित्र आहे. ते 1440 बाय 1080 केलं की माणसं मूळ अंगकाठीची दिसतात आणि डावी-उजवीकडे 240 पिक्सेल काळं राहतं. कार्यकर्त्यांना ती काळी जागा खटकली. "झूम करून भरा की," म्हणाले. भरायचं तर 576 पैकी 432 ओळीच उरतात, त्या अडीच पट ताणाव्या लागतात, आणि चित्ररथाचं शिखर आणि घोड्यावरच्या मावळ्याचा फेटा कापला जातो. शिवाय एलईडी वॉलवर काळं म्हणजे बंद दिवे. रात्रीच्या मैदानात त्या बाजू दिसतच नाहीत. पटलं त्यांना. मागे धूसर केलेलं तेच चित्र लावायची फॅशन आहे, पण नजर मधल्या चित्रावरून उगाच कडेला जाते, मला ते पसंत नाही.

सगळ्यांत जास्त वेळ भगव्याने खाल्ला, आणि तो द्यायलाच हवा होता. एसडीचे, म्हणजे जुन्या कमी ओळींच्या चित्राचे रंग रेक 601 नावाच्या सूत्राने साठवलेले, एचडीचे रेक 709 च्या. चित्र मोठं केलं आणि सूत्र बदललं नाही, तर सॉफ्टवेअर 1080 ओळी बघून 709 धरून चालतं. मग भगवा पिवळट नारिंगीकडे झुकतो, लाल भाग जळल्यासारखा सपाट होतो आणि हिरवा गडद पडतो. एकटा शॉट बघताना हे ध्यानात येत नाही. जुन्या मिरवणुकीतला ध्वज आणि त्याला जोडून यंदाचा ध्वज लावला की लगेच दिसतं. स्केल करतानाच 601 वरून 709 असं रूपांतर सांगितलं आणि पुढचं थोडं ग्रेडिंग हाताने केलं.

रात्रीच्या शॉटमध्ये कॅमेऱ्याचा गेन (अंधारात चित्र उजळायची सोय) वाढवल्यामुळे रंगांचे दाणे होते. ते मोठं करण्याआधी काढायचे, नाहीतर दाणेही मोठे होतात. रंगाच्या दाण्यांवर जोर, उजेड-सावलीवर हलका हात. जास्त झालं की चेहरे मेणाचे होतात. शार्पन अजिबात नाही, कारण त्या काळच्या हँडीकॅमने कडांना आधीच पांढरी रेघ दिलेली असते. एआयने मोठं करायची सूचनाही आली. गर्दीतला चेहरा एसडीत दहा-पंधरा पिक्सेलांचा असतो; तिथे एआय आपल्या मनाचे डोळे-नाक बसवतं आणि फलकावरची देवनागरी, कन्नड अक्षरं निरर्थक करून टाकतं. त्या गर्दीत आज हयात नसलेले लोक आहेत. त्यांच्या घरच्यांसमोर दुसराच चेहरा दाखवणं मला मान्य नाही, म्हणून नाही म्हटलं.

जुन्या फुटेजवर मंडळाच्या नावाची पट्टी छापलेली होती. अक्षरांची शिरोरेषा जेमतेम एका ओळीची, म्हणजे एका फील्डमध्ये आहे, दुसऱ्यात नाही. फील्ड सोडवल्यावर ती सेकंदाला 25 वेळा वरखाली नाचू लागली. तेवढ्याच पट्टीला मास्क लावून शेजारच्या दोन फ्रेम अर्ध्या-अर्ध्या मिसळल्या. रेघ किंचित मऊ झाली, पण स्थिर बसली.

मोबाईलचे शॉट 30 च्या आसपास आणि बदलत्या गतीचे होते. ते आधी स्थिर 30 वर आणले. ज्या शॉटला ढोलाचा ठोका जुळवायचा नव्हता, ते 83 टक्के गतीने म्हणजे 25 वर चालवले. प्रत्येक फ्रेम दोनदा, हिशेब बरोबर बसतो. कापतानाही शॉट-शॉट आड एसडी-एचडी असं केलं नाही. एसडीतला क्लोजअप मोठ्या पडद्यावर चांगला टिकतो, लांबचा शॉट टिकत नाही. म्हणून यंदाच्या मारुती गल्लीतल्या वाईड शॉटनंतर जुन्या ताशेवाल्याचा क्लोजअप, आणि मग काही वेळ जुनंच.

वॉल पी-4 होती, म्हणजे दिव्यांमधलं अंतर 4 मिलिमीटर. 16 बाय 9 फुटांत साधारण 1,220 बाय 685 ठिपके. म्हणजे 576 ओळींचं फुटेज त्या वॉलपासून फारसं मागे नव्हतं. मॉनिटरवर मऊ वाटलेलं चित्र तिथे छान बसलं. तरी चाचणीत मोठ्या पॅनला (कॅमेरा आडवा फिरवलेल्या शॉटला) ठरावीक अंतराने हिसका येत होता. फाईल ठीक होती. वॉलवाल्याचा लॅपटॉप 60 हर्ट्‌झ देत होता, त्यामुळे दर 5 फ्रेमपैकी एक दोनदा दिसत होती. डिस्प्ले सेटिंगमध्ये 50 हर्ट्‌झ केलं, वॉलच्या प्रोसेसरवर इनपुट 1080पी 50 आल्याची खात्री केली, आणि हिसका थांबला. क्यासेटीवरून उतरवलेल्या मूळ डीव्ही फायली मंडळाला दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर दिल्या, आणि एक डिस्क दुसऱ्या घरी ठेवायला सांगितली.