कावीळ बी, सिझेरियन आणि पाठीतलं इंजेक्शन

दवाखान्यात नाव घालताना रक्त तपासतात, त्यात मला हिपॅटायटिस बी निघाला. त्रास काहीच नव्हता. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, मात्र 2 लाखांच्या बराच वर, म्हणून बाळाला लागण होऊ नये यासाठी 28व्या आठवड्यापासून टेनोफोविरच्या गोळ्या सुरू झाल्या. बाळ आडवं, त्यामुळे सिझेरियन ठरलं. तेव्हा नर्सिंग होममध्ये सांगितलं, "पाठीत इंजेक्शन देता येणार नाही, विषाणू मेंदूत जाईल. पूर्ण भूल द्यावी लागेल." सासूबाई तिथेच रडायला लागल्या.

मग परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलची ओपीडी गाठली. तिथल्या भूलतज्ज्ञ मॅडमनी आधी विचारलं, हिरड्यांतून रक्त येतं का? अंगावर काळेनिळे डाग उठतात का? मग प्लेटलेट आणि पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त किती वेळात गोठतं, याचे रिपोर्ट पाहिले. "लिव्हर बिघडलं की रक्त नीट गोठत नाही. अशा वेळी सुई लावली तर मणक्यात रक्त साकळून नसा दबू शकतात. मला काळजी त्याची. तुमचे प्लेटलेट 1 लाख 90 हजार, आयएनआर 1. काही अडचण नाही." प्लेटलेट 70 हजारांच्या वर टिकून असतील तर सहसा स्पायनल, म्हणजे पाठीतलं कमरेखाली बधिर करणारं इंजेक्शन, देतात, असंही त्या म्हणाल्या. एचआयव्ही असलेल्या बायकांनाही देतात. तो विषाणू तर लागण झाल्यावर लवकरच आपणहून मेंदूपर्यंत पोचतो. सुईमुळे आजार बळावल्याचं दिसलेलं नाही. उलट गरोदरपणी पूर्ण भुलीतच जोखीम जास्त. घशाला सूज असते, नळी घालणं अवघड जातं, पोटातलं फुफ्फुसात जाऊ शकतं.

पावसाळ्याचे दिवस. वॉर्डात शेजारच्या खाटेवर डेंग्यूची बाई होती. तिचे प्लेटलेट दर तपासणीला घसरत होते, म्हणून तिला मात्र पूर्ण भूलच दिली. विषाणूच्या नावावरून निर्णय होत नाही, हे मला तिथे पटलं.

ऑपरेशन टेबलावर बसवलं. हनुवटी छातीला, पाठ बाहेर काढलेली, नर्सताईंनी खांदे धरलेले. आधीचं बधिर करायचं इंजेक्शन झोंबलं. स्पायनलची सुई नुसती दाबल्यासारखी वाटली. पाय गरम झाले, मग जड. स्पिरिटचा बोळा पोटावरून वर सरकवत मॅडम विचारत होत्या, "इथे गार लागतंय?" मध्येच बीपी उतरलं, मळमळलं, सलाईनमधून औषध दिलं आणि बरं वाटलं. हातमोजे, मास्क, गॉगल पाहून मी बावरले, तर म्हणाल्या, "अगं, हे सगळ्यांसाठीच असतं."

मुलगी झाली. 12 तासांच्या आत तिच्या एका मांडीत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, दुसरीत लस. ते इम्युनोग्लोब्युलिन महाग असतं आणि ऐनवेळी मिळेलच असं नाही, त्याची सोय आधी करून ठेवा. भूलतज्ज्ञांनाही कळा सुरू व्हायच्या आधीच, रिपोर्ट घेऊन भेटा. अंगावर पाजायला काहीच हरकत नव्हती. तिच्या पुढच्या लसी वेळेवर चालू आहेत. रक्त नऊ महिने उलटल्यावर तपासायचं आहे.